पंखाची झडप आणि तिचा तोल

कागदी विमानाच्या उजव्या पंखाची मागची कड थोडी वर मुडपा, डाव्या पंखाची खाली, आणि विमान सोडा. ते उजवीकडे कलते. खऱ्या विमानात हेच काम पंखाच्या मागच्या कडेला, टोकाजवळ बसवलेल्या झडपा करतात. त्यांना एलेरॉन म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘छोटा पंख’.

राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाला एलेरॉन नव्हते. १८९९ मध्ये सायकलच्या दुकानात ट्यूबचा रिकामा खोका हाताळताना विल्बरच्या लक्षात आले, की खोक्याची दोन टोके विरुद्ध दिशांना पिळता येतात, तसाच पंखही पिळता येईल. लाकूड, कापड आणि तारा यांच्या पंखाला ते जमले. पंख मजबूत आणि ताठ करायचा तर मात्र पिळणे सोडावे लागते. मग अख्खा पंख न पिळता मागचा लहानसा तुकडाच हलवायचा. ही कल्पना राइट बंधूंच्याही आधीची. मॅथ्यू बोल्टन या इंग्रजाने १८६८ मध्येच, उडवायला विमान नसताना, तिचे पेटंट घेतले होते! १९०८ मध्ये ग्लेन कर्टिसचे ‘जून बग’ एलेरॉन लावून उडाले. त्यावरून पुढे झालेली कोर्टबाजी आपण सोडून देऊ.

झडप वेगळी झाली आणि एक नवा धोका उभा राहिला. तो वर्गात दाखवता येतो. फूटपट्टी उभी धरा. तिच्या कडेला पुठ्ठ्याचा तुकडा चिकटपट्टीने दारासारखा जोडा. पुठ्ठा फूटपट्टीच्या खाली बोटभर येऊ द्या. आता फूटपट्टी झटकन बाजूला सरकवा. पुठ्ठा मागे रेंगाळतो, कारण त्याचे वस्तुमान बिजागरीच्या एकाच बाजूला आहे. आता पुठ्ठ्याच्या खालच्या भागाला एक काडी अशी चिकटवा, की ती बिजागरीच्या पुढे येईल. पुढच्या टोकाला मातीचा गोळा लावून दोन्ही बाजूंचा तोल साधा. पुन्हा झटका द्या. पुठ्ठा जवळजवळ वळत नाही.

विमानाचा पंख धक्क्याने वर उचलला जातो तेव्हा असंतुलित एलेरॉन असाच मागे, म्हणजे खाली, राहतो. खाली झुकलेला एलेरॉन पंखाची उचल वाढवतो, म्हणून पंख आणखी वर जातो. तो परत खाली येताना याच्या उलट घडते. झोक्याला योग्य क्षणी धक्का मिळत राहावा तसे हे आहे, आणि धक्का देणारी हवा थकत नाही. ठरावीक वेगाच्या पुढे ही फडफड वाढतच जाते व काही क्षणांत पंख मोडू शकतो. तिला फ्लटर म्हणतात. १९२२ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये फोन बाउमहाउअर आणि कोनिंग यांनी एका विमानाच्या अशा फडफडीचा अभ्यास केला. बिजागरीच्या पुढे वजन लावा, हा त्यांचा उपाय आपल्या मातीच्या गोळ्यासारखाच होता.

घरी विमान बांधणाऱ्यांना हा इतिहास हाताने पुन्हा शिकावा लागतो. (मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेले विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात अनेकांनी पाहिले असेल.) धातूच्या विमानाचा एलेरॉन म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्याची, आत फासळ्या असलेली लांबट पेटी. ती सपाट टेबलावर वजनांखाली दाबून ठेवूनच रिव्हेट मारतात. जो पीळ विल्बरला हवा होता, तो इथे अजिबात नको. पिळलेल्या एलेरॉनमुळे विमान कायम एका बाजूला ओढते आणि रिव्हेट बसल्यावर पीळ काढता येत नाही. प्रयोगशाळेसाठी पत्र्याची पेटी करताना मी एका टोकापासून ओळीने रिव्हेट मारत गेलो होतो. ती पेटी आजही टेबलावर डुगडुगते!

तोलाचे काय? अमेरिकेतल्या आरव्ही मालिकेतील अनेक विमानांत एलेरॉनच्या पुढच्या कडेत पोलादी नळी बसवतात. तेच त्याचे प्रतिवजन. झोडियाक सीएच ६०१ एक्सएल या लोकप्रिय विमानात मात्र प्रतिवजन नव्हते. मूळ आराखड्यात एलेरॉनला बिजागरीसुद्धा नव्हती. पातळ पत्राच लवून तिचे काम करी. एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने ही विमाने उडवणे थांबवावे अशी शिफारस केली. २००६ पासून सहा विमाने हवेतच मोडली होती आणि १० माणसे दगावली होती. मंडळाचा संशय एलेरॉनच्या फ्लटरवर होता. एलेरॉन हलवणाऱ्या तारांचा ताण नीट राखला तर फ्लटर होत नाही, असे उत्पादकांचे म्हणणे होते. मला हे म्हणणे पुरेसे वाटत नाही. तारा वापराने सैल होतात, वजन जागच्या जागी राहते.

तरीही दोष एकट्या एलेरॉनचा ठरला नाही. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने दिलेल्या अहवालात एकच एक कारण सापडले नसल्याचे म्हटले. पंखाची मजबुती, फ्लटर, इतकेच काय, वेगमापकाचे अंशांकन अशा अनेक गोष्टींवर त्याने बोट ठेवले. त्याआधीच, नोव्हेंबर २००९ मध्ये, दुरुस्तीशिवाय उडू नका असे मालकांना सांगण्यात आले होते. पंख मजबूत करायचे आणि एलेरॉनला प्रतिवजन लावायचे, अशी ती दुरुस्ती होती. अनेकांनी गॅरेजमध्ये पुन्हा ड्रिल हातात घेतले आणि आपणच मारलेले रिव्हेट एकेक करून काढायला सुरुवात केली.