भामरागडचा पावसाळी नकाशा

दवाखान्यापासून कोण दूर आहे हे ठरवायची सोपी रीत म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राभोवती पाच किलोमीटरचे वर्तुळ काढणे. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात ती उन्हाळ्यापुरतीच चालते. तालुक्याचे गाव पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीच्या संगमावर. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की आलापल्लीचा रस्ता बंद. आतल्या भागात तर कोसभरावरचा टोला, म्हणजे लहान वस्तीही, मधल्या नाल्यामुळे तुटते. म्हणून गर्भवतीची जोखीम मोजताना स्थळाला तारीख जोडावी लागते.

प्रसूतीची तारीख शेवटच्या पाळीपासून २८० दिवस धरून काढतात. पाळीची तारीख आठवणीने सांगितलेली असेल तर पंधरवडाभर इकडेतिकडे सहज होते. नोंदवहीत २० जुलै असेल, तर ५ जुलैपूर्वीच ती बाई नाल्याच्या अलीकडे हवी. माहेरघर योजना याचसाठी आहे: दिवस भरत आलेल्या बाईने केंद्राच्या आवारात आधीच येऊन राहायचे.

यासाठी नवे सर्वेक्षण फारसे लागत नाही. पावसाळ्याआधी धान्य पोचवायच्या गावांची यादी नवसंजीवन योजनेखाली होते. गर्भवतींची यादी आशाताईंकडे असते. कचेऱ्या मात्र दोन. उपग्रहाच्या नकाशाचे खरे काम या याद्या एकमेकींवर ठेवण्याचे. त्यातही एका महसुली गावाच्या नावाखाली दोन-तीन टोले असतात, नकाशावर ठिपका एकच, आणि नाला नेमका टोल्यांच्या मधून वाहतो. शिवाय नोंद सासरी आणि बाई माहेरी. माहेर इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडात असेल, तर ती इथल्या नोंदवहीतून निसटलीच.

हा हिशेब जसाच्या तसा दुसरीकडे नेता येत नाही. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात, माणिकगड पहाडावरच्या कोलाम गुड्यांत, पाण्याची ओढाताण उन्हाळ्यातली. तिथे तारखा बदलतात.

यादीत नाव आले म्हणून बाई निघतेच असे नाही. जुलैत धानाची रोवणी असते, घरी लहान पोर असते. तिला अडाणी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने रोवणीची मजुरी कोण भरणार ते आधी सांगावे.

गुप्ततेचे काय? नावे आशाताईंपाशीच राहावीत, हे ठीक. पण दहा घरांच्या टोल्यात ‘एक’ हा आकडाही नावच सांगतो. आणि या जिल्ह्यात पायवाटांचा नकाशा आरोग्य खात्याखेरीज इतरांच्याही कामाचा असतो. तालुक्याच्या नकाशावर आकडा टोल्यापुढे न लिहिता नाल्यापुढे लिहावा: या नाल्यापलीकडे, या आठवड्यात, तीन. गाडी कुठवर न्यायची आणि डोंगा कुठे तयार ठेवायचा हे ठरवायला तेवढे पुरते.