शिंपल्यांतील जड धातू आणि आरोग्य

जानेवारी १९८६ मध्ये तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील चार्टिंग येथे संवर्धन केलेली कालवे हिरवी पडल्याचे आढळून आले. अनेक कालवे मरूनही गेली. जवळच समुद्राला मिळणाऱ्या एर्जेन नदीच्या काठी भंगारातून धातू काढण्याचे उद्योग चालत. त्यांच्या सांडपाण्यातील तांबे कालवांत साठले होते. पुढे १९८९ मध्ये तेथील कालवांच्या शुष्क मांसात दर ग्रॅममागे ४ हजार मायक्रोग्रॅमहून अधिक तांबे नोंदले गेले.

धातू साठतात कसे?

कालवे, शिनाणे व तिसऱ्या पाणी गाळून त्यातील सूक्ष्म अन्नकणांवर जगतात. त्या पाण्यातील व गाळातील धातूही त्यांच्या शरीरात जातात आणि पाचकग्रंथी, कल्ले यांत साठून राहतात. त्यामुळे मांसातील प्रमाण पाण्यापेक्षा हजारो पटींनी जास्त असू शकते. संवर्धनात शिंपल्यांना बाहेरून खाद्य द्यावे लागत नाही; म्हणूनच जागेची निवड निर्णायक ठरते.

मानवी शरीरावरील परिणाम

तांबे अति झाल्यास मळमळ, उलट्या होतात. मात्र जादा तांबे शरीर बऱ्याच अंशी बाहेर टाकते. कॅडमियमचे तसे नाही. ते मूत्रपिंडात १० ते ३० वर्षे टिकते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावते व हाडे ठिसूळ होतात. शिसे बालकांच्या बौद्धिक वाढीस बाधक असून त्याची सुरक्षित मात्रा निश्चित करता आलेली नाही. पाऱ्याचे सेंद्रिय संयुग गर्भाच्या मज्जासंस्थेला घातक असते. १९५६ मध्ये उघडकीस आलेला जपानमधील मिनामाता रोग अशाच पाऱ्याने दूषित मासे व शिंपले खाल्ल्याने उद्भवला होता.

किती खावे?

युरोपीय संघाच्या नियमांनुसार शिंपल्यांत दर किलोमागे कॅडमियम १ व शिसे १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये कॅडमियमची मासिक मर्यादा वजनाच्या दर किलोमागे २५ मायक्रोग्रॅम ठरविली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ती १,५०० मायक्रोग्रॅम होते. शिंपल्यांत कॅडमियम वरील कमाल पातळीइतके असेल, तर महिन्याला दीड किलो मांसातच ही मर्यादा गाठली जाते. तांदूळ, पालेभाज्या व तंबाखूतून येणारे कॅडमियम त्यात धरलेले नाही. अर्थात, स्वच्छ पाण्यातील शिंपल्यांत हे प्रमाण बरेच कमी असते.

कोणती दक्षता घ्यावी?

शिजविल्याने धातू नष्ट होत नाहीत. विक्रीपूर्वी शिंपले एक-दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवल्यास जिवाणू कमी होतात, परंतु धातू निघण्यास कित्येक आठवडे वा महिने लागतात. बंदर, नाले व कारखान्यांलगतचे शिंपले टाळावेत. खेकड्याच्या कवचातील तपकिरी भाग बेताने खावा. गर्भवती व लहान मुलांच्या बाबतीत विशेष काळजी हवी. तांब्याने कालवांचा रंग तरी पालटतो. कॅडमियम, शिसे वा पारा मात्र रंगावरून, वासावरून किंवा चवीवरून ओळखता येत नाही. त्यासाठी पाण्याची व मांसाची नियमित प्रयोगशाळा तपासणी हाच खात्रीचा उपाय होय.