पदवी आणि उमेदवारी

मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें आणि त्याचे पहिले चार बी. ए. १८६२ सालीं बाहेर पडले. रानडे, भांडारकर, मोडक व वागळे हीं तीं चार नांवें. त्यांपैकीं महादेव गोविंद रानडे न्यायखात्यांत व रामकृष्ण गोपाळ भांडारकर शिक्षणखात्यांत कीर्तीस चढले. सरकारी नोकरींत शिकलेल्यांस अग्रक्रम द्यावा, असें वुडच्या १८५४ च्या खलित्यानें आधींच सांगितलें होतें. साहजिकच पदवी म्हणजे खुर्चीची सनद, अशी समजूत मध्यम वर्गांत रूढ झाली.

परंतु त्या सनदेचें मोल जितकें विद्येचें, तितकेंच दुर्मिळतेचेंहि होतें. पुढें पदवीधर वाढले. कचेऱ्यांतील जागा त्या मानानें वाढल्या नाहींत. अखेर १९३४ सालीं संयुक्त प्रांताच्या सरकारला सुशिक्षितांच्या बेकारीचा विचार करण्यासाठीं सर तेजबहादुर सप्रू यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमावी लागली. विद्यार्थी परीक्षेसाठीं तयार होतो, धंद्यासाठीं नाहीं, हा दोष त्या समितीनें दाखविला.

ज्या शाखांना प्रत्यक्ष कामाची जोड होती, त्यांची गोष्ट निराळी. १८४५ सालीं सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजाशेजारींच जमशेटजी जिजीभाई रुग्णालय होतें. विद्यार्थी रोग्याच्या खाटेपाशीं शिके. १८८७ सालच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत गिरण्यांच्या मुंबईला हवी असलेली यंत्रविद्या व कापडविद्या शिकविली जाई.

इतरांना काम शिकण्याची वाट म्हणजे कचेरींतील उमेदवारी. बिनपगारी नकला करावयाच्या आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहावयाची. ज्याच्या घरीं दोन वेळच्या अन्नाची भ्रांत नसे, त्यालाच हें परवडे. गरिबाच्या हुशार मुलाला दार दिसे, पण उंबरठा ओलांडतां येत नसे.

स्वतंत्र भारतांत १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानें उमेदवाराला विद्यावेतनाचा हक्क दिला. १९७३ सालीं त्यांत अभियांत्रिकीचे पदवीधर आले. इतर शाखांच्या पदवीधरांचा समावेश मात्र २०१४ सालीं झाला. पहिल्या चार पदवीधरांनंतर दीडशेंहून अधिक वर्षें त्यासाठीं लोटावीं लागलीं! कोणती शाखा निवडावी, याची चर्चा घरोघर होते. ती निवडलेल्या तरुणाला पोट न मारतां काम शिकावयास कोठें मिळेल, हा प्रश्न तितक्याच आस्थेनें विचारला पाहिजे, हाच या इतिहासाचा बोध होय.