मुंबई-सोलापूर हवाई अंतर : तासाभराचे उड्डाण आणि जेऊरचा हिशेब

मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि सोलापूरचे होटगी रस्त्यावरील विमानतळ यांच्यामधील सरळ हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर, म्हणजेच सुमारे १९५ सागरी मैल आहे. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो. याच दोन शहरांमधील लोहमार्गाची लांबी ४५५ किलोमीटर आहे. लोहमार्ग घाट उतरतो-चढतो आणि पुणे, दौंड, कुर्डुवाडी अशी वळणे घेतो. हवाई अंतर मात्र पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरील दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत आखूड रेषेवर मोजले जाते.

प्रवासकाल कसा ठरतो?

ताशी ८०० किलोमीटर वेगाचे जेट विमान हे अंतर अर्ध्या तासात कापेल, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, वेग कमी करून उतरणे आणि मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात क्रमांकाची वाट पाहणे, यांत आणखी सुमारे अर्धा तास जातो. त्यामुळे अशा छोट्या मार्गावर वेळापत्रकात साधारण एक तास धरला जातो. गोव्यातील मोपा विमानतळ सोलापूरपासून सुमारे ३०५ किलोमीटरवर आहे. तेथे पंख्याचे एटीआर विमान कमी वेगाने जात असले, तरी अंतर थोडे असल्याने काळ जवळपास तेवढाच लागतो.

सोलापूरची विमानसेवा

सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी हा या विमानतळाच्या मार्गातील वादाचा विषय ठरला होता. ती जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये नूतनीकृत विमानतळाचे उद्घाटन झाले. जून २०२५ मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली.

जेऊरकरांना लाभ किती?

करमाळा तालुक्यातील जेऊर हे दौंड-कुर्डुवाडी लोहमार्गावरील स्थानक. नकाशावर ते पुणे व सोलापूर या दोन विमानतळांच्या दरम्यान येते. सोलापूर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक, तर पुणे लोहमार्गाने सुमारे दीडशे किलोमीटर दूर आहे. मात्र मुंबईला जाणाऱ्या जेऊरकराला सोलापूरचे विमान गाठायचे, तर आधी नेमके उलट दिशेने जावे लागते. विमानतळापर्यंतचे दोन तास, उड्डाणापूर्वीचा दीड तास, उड्डाणाचा एक तास आणि उतरल्यावरचा अर्धा तास धरला, तर बेरीज पाच तासांवर जाते. एवढ्या वेळात थेट रेल्वेने निघालेला प्रवासी मुंबईच्या बराच जवळ पोहोचलेला असतो.

सोलापूर शहरातील रहिवाशाचा हिशेब वेगळा आहे. विमानतळ हाकेच्या अंतरावर असल्याने त्याचा एकूण प्रवास साडेतीन तासांत आटोपतो. वंदे भारत एक्सप्रेसला याच प्रवासासाठी सुमारे साडेसहा तास लागतात. जेऊरकरांना खरा लाभ होतो तो गोव्यासारख्या दक्षिणेकडील प्रवासात. दिल्ली वा अन्य दूरच्या शहरांसाठी पुण्याचे विमानतळच त्यांना अधिक सोयीचे ठरते.

म्हणूनच दोन विमानतळांमधील अंतराचा आकडा पाहताना घरापासून विमानतळापर्यंतचे अंतर आणि त्याची दिशा, दोन्ही लक्षात घेणे आवश्यक ठरते.