अंगठ्याची किंमत

पावसात फोंडाघाटाच्या रस्त्यावर दरड आली की ती उपसायला माणसं कुठनं येतात? आमच्या वाडीतनं. माझा काका असाच ठेकेदाराच्या कामावर गेला. वरनं धोंडा आला, पाय कायमचा गेला. रात्री मुकादम घरी आला. थोड्या नोटा ठेवल्या नि म्हणाला, "हंय अंगठो मार. आता आनी काय मागूचा नाय." काकानं मारला. आम्हाला वाटलं, उपकार झाले.

पुढं मी शिकलो तेव्हा कळलं, तो कागद कायद्यानं रद्द होता. पण दाव्याची दोन वर्षांची मुदत कधीच टळली होती. म्हणून, दोस्तांनो, हा इतिहास सांगतोय.

साहेबाच्या कायद्यात माणूस मेला की त्याचा दावाही मरायचा. 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्यानं घरच्यांसाठी दावा लावता येऊ लागला. पण मालकाची चूक शाबीत करा, कोर्ट फी भरा, वकील द्या. ज्याच्या घरात संध्याकाळचं पेजेचं भांडं रिकामं, त्यानं हे कुठनं करायचं?

1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा 1 जुलै 1924 ला लागू झाला आणि प्रश्नच बदलला. मालकाची चूक शाबीत करायची गरज उरली नाही. कामामुळं, काम करताना इजा झाली, एवढं दाखवा. दिवाणी कोर्टाऐवजी कमिशनरपुढं जा. ठेकेदार मधे असला तरी ज्याचं काम त्याला हात झटकता येईना. कामगार मेला तर पैसे कमिशनरकडंच जमा करायचे. आणि कलम 17: हक्क सोडल्याचा करार रद्दबातल. म्हणजे अंगठा घेतला तरी हक्क जात नव्हता. आमच्यापर्यंत ते कुणी पोचवलंच नाही.

फटीही होत्या. मालकाच्या धंद्याबाहेरच्या किरकोळ कामावर घेतलेला रोजंदार 'कामगार'च नव्हता. ही फट 2000 साली बुजली. दुसरी अजून आहे. भरपाई मजुरीवर मोजतात. ज्याला जातीनं कमी मजुरीच्या कामाला जुंपलं, त्याचा पायही स्वस्त.

बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्या काळात, 1943 साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम प्रा. अडारकरांना दिलं गेलं. त्यातून 1948 चा कामगार राज्य विमा कायदा झाला. मालकाच्या दयेवर नाही, विम्यातून हक्कानं पैसा नि औषधपाणी. पण सुरुवात कारखान्यांपासून झाली. दरड उपसणारा बाहेरच राहिला.

21 नोव्हेंबर 2025 पासून हे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेत. कलमांचे आकडे बदलले, मुकादम तोच आहे. तेव्हा इजा झाली की मालकाला लेखी कळवा. दवाखान्याचा कागद, हजेरीचा पुरावा, सोबत्यांची नावं जपून ठेवा. मुदत टळू देऊ नका. न वाचता अंगठा देऊ नका, दिलाच असेल तर घाबरू नका.

पुढच्या पावसात दरड येईलच. त्या रात्री मुकादमाच्या आधी आपण त्या दारात असलं पाहिजे.