आपल्या गावठाणाची उंची

श्रीगावदेवीच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या कष्टाने व दानशूर भाविकांच्या साहाय्याने तडीस गेला. त्या निमित्ताने गावाच्या पूर्वेतिहासाविषयी चार शब्द लिहावेत, अशी समितीची इच्छा पडली. राजेरजवाड्यांच्या बखरीत आपल्या गावाला जागा नाही, तेव्हा लिहावयाचे ते देवळाच्या जोत्याविषयीच लिहितो.

पाया खणताना जी मंडळी हजर होती त्यांना आठवत असेल, रस्त्याच्या पातळीखाली तीन जुन्या दगडी पायऱ्या निघाल्या. वडीलधारी माणसे सांगत की देवळात जायला पाच पायऱ्या चढाव्या लागत. आपण अलीकडे दोनच चढत होतो. देऊळ खचले म्हणावे तर भिंतीला कोठे तडा नव्हता. भोवतालची जमीनच वर आली होती.

खाडीकाठच्या आपल्या आगरी-कोळी गावांची ठेवण पाहा. घरे उंचवट्यावर, खाली भाताची खाचरे, त्यापलीकडे मिठागरे आणि शेवटी तिवरांची रांग. खाजणातली शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली असत. मातीचा बांध खाडीला अडवी आणि बांधातली उघाडी ओहोटीला उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडीत. भरती लागली की दार बंद. बांध फुटला तर एकट्याचे नव्हे, साऱ्यांचे शेत खारे होई, म्हणून मातीची पाटी प्रत्येक घरातून निघे. अतिवृष्टीत शेत बुडाले तरी घरात पाणी येत नसे. गावाची जागा निवडणाऱ्यांनी नकाशा पाहिला नव्हता, पण पाणी पाहिले होते.

पुढे मुंबईत माणसे मावेनाशी झाली. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरच्या मुलखावर नव्या शहराची आखणी झाली. शेते व मिठागरे संपादनात गेली, गावठाणे तेवढी राहिली. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला आणि १९९२ साली वाशीला लोकल गाडी आली.

जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली झालेला लढा या भागातील कोणीही विसरणार नाही. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासईच्या परिसरात व नवघर येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. सामाजिक सोयींसाठीची कपात वजा जाता हाती पौणेनऊ टक्के उरले, ही गोष्ट निराळी.

येथे थोडे कडू लिहावे लागते, राग मानू नये. ते भूखंड आपल्यापैकी बहुतेकांनी बिल्डरांना दिले. कुटुंबे वाढली, गावठाण वाढवायला भोवती मोकळी जागा उरली नाही, म्हणून आपणही कौलारू घरे पाडून चार-चार मजले चढविले. काही गरजेपोटी चढविले, काही भाड्यापोटी, हे आपले आपल्याला ठाऊक आहे. आज गल्लीत अग्निशामक बंब शिरत नाही. पालखी वळणावर तिरकी करावी लागते. दाटीचा सारा दोष परक्यांच्या माथी मारणे देवीलाही पटणार नाही.

परंतु पाण्याची गोष्ट आपल्या हातची नव्हती. भोवतालची खाचरे भराव घालून उंच करण्यात आली, त्यांवर रस्ते आणि इमारती उभ्या राहिल्या आणि जे गाव उंचवट्यावर होते ते वाडग्याच्या तळाशी आले. पनवेलजवळच्या डुंगी गावात विमानतळाच्या भरावानंतर पावसाचे पाणी घराघरांत शिरले, हे आपण ऐकले आहे. सिडकोने भरतीच्या वेळी पाणी साठवायला धारण तलाव बांधले, ओहोटीला उघडणारी दारे बसविली. म्हणजे आपली उघाडीच, मोठ्या मापाची. मात्र तलावांत गाळ साचला, तिवरे वाढली. तिवरे तोडण्यास उच्च न्यायालयाची २००५ पासून मनाई आहे आणि ती योग्यच आहे, पण गाळ उपसण्याचे काम त्यामुळे अडते. पूर्वी बांधाला ज्याची पाळी असे त्याचे नाव गावाला माहीत असे. आता गटार कोणाचे हे विचारावयास दोन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

दाट वस्ती म्हणजे मनोराच हवा असेही नाही. बेलापूरला कोरिया यांनीच १९८३ ते १९८६ च्या सुमारास सुमारे साडेपाच हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबांची बैठी व दुमजली वसाहत आखली. सात घरांचा एक पुंजका आणि मध्ये अंगण. आपल्या आळीचीच ती रीत. आता वाशीत सिडकोच्या जुन्या चार मजली इमारती पाडून टोलेजंग मनोरे उठत आहेत आणि आपल्या वेशीलगतही तशाच उंच बांधकामांचे फलक लागले आहेत. नव्या रहिवाशांशी आपले भांडण नाही, या जीर्णोद्धाराला त्यांच्यापैकी अनेकांनी सढळ हाताने देणगी दिली आहे. त्यांचे सांडपाणी व पावसाचे पाणी कोणत्या वाटेने खाडीला जाणार, एवढेच ग्रामस्थांनी अर्जात विचारले आहे. हा मजकूर छापावयास देईपर्यंत लेखी उत्तर आलेले नाही.

मंदिराचे जोते रस्त्यापासून साडेतीन फूट वर घेतले आहे. खर्च वाढला, त्याबद्दल काही देणगीदारांनी विचारणा केली होती, तिचे कारण हेच. जुन्या तीन पायऱ्या काढल्या नाहीत. डाव्या बाजूस त्या उघड्या ठेवून भोवती कठडा बांधला आहे आणि पाणी साचू नये म्हणून तेथून तळ्यापर्यंत नळी टाकली आहे. तिची जाळी पावसाळ्यात दर सोमवारी साफ करण्याच्या पाळ्या आळीवार लावल्या असून यादी सभामंडपात आहे.