जिला ताई म्हटलं, ती आई

मैत्रिणींनो, हॉलिवूडची नटी मर्ल ओबेरॉन १९११ साली आपल्या मुंबईत जन्मली, हे आम्हालाही उशिराच कळलं. शार्लट नावाच्या बाईला ती आई म्हणायची. ती खरं तर आजी! आणि शार्लटची मुलगी कॉन्स्टन्स, जिला मर्ल बहीण समजायची, ती जन्मदात्री. बाळंत झाली तेव्हा स्वतःच पोर होती. अब्रूपायी घरानं नातीच बदलली.

पुढे मर्लनं जन्मगावही बदललं, ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया सांगू लागली. गोऱ्या-काळ्यांचं प्रेम पडद्यावर दाखवायला तेव्हा हॉलिवूडमध्ये बंदी होती ना! ‘द डार्क एंजल’ या १९३५ च्या चित्रपटासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. सावळी शार्लट तिच्याजवळच राहायची. पाहुण्यांपुढे मात्र मोलकरीण म्हणून, असं सांगतात.

आम्हाला चटका लागतो तो कॉन्स्टन्सचा. पोटच्या लेकीची ती जगापुढे बहीणच राहिली.